तागाचे पॅनेल की काचेचे? पर्यावरणाचा हिशेब मांडताना या चुका टाळा

एक किलो ताग हाती यायला साधारण १० मेगाज्यूल ऊर्जा खर्च होते. काचतंतूच्या मॅटला किलोमागे ५० च्या आसपास लागते, कारण वाळू, चुनखडी वगैरे कच्चा माल चौदाशे-पंधराशे अंशांवर वितळवावा लागतो. या दोन आकड्यांवरून 'तागाचे कंपोझिट पाचपट पर्यावरणस्नेही' असे विधान केले जाते, आणि प्रोजेक्ट रिपोर्टपासून कंपन्यांच्या माहितीपत्रकांपर्यंत ते सगळीकडे फिरते. आकडे ठीक आहेत. त्यातून काढलेला अर्थ मात्र टिकत नाही, कारण कंपोझिट वस्तू नुसत्या तंतूची बनत नाही; तंतूंना धरून ठेवायला त्यांच्याभोवती रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारे प्लास्टिक, असते.

नैसर्गिक तंतूंवर माझा मनापासून विश्वास आहे, म्हणूनच त्यांच्या नावावर खपवले जाणारे ढिसाळ दावे मला जास्त खुपतात. असा एक दावा उघडा पडला की खरेदीदार पुढच्या चांगल्या मालाकडेही संशयाने बघू लागतो. कॉलेजात प्रकल्प करणारे, एफआरपीचा (तंतूंनी मजबूत केलेल्या प्लास्टिकचा) छोटा कारखाना चालवणारे आणि 'ग्रीन' शिक्का बघून माल घेणारे, या सगळ्यांच्या हिशेबात त्याच त्या चुका दिसतात.

किलोला किलो लावून तुलना करणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे, त्यामुळे ती आकडे मांडूनच पाहू. एक काचेचे पॅनेल घ्या: वजनाच्या ३० टक्के काचतंतूची मॅट, ७० टक्के पॉलिएस्टर रेझिन. घनता (घन सेंटिमीटरला ग्रॅम) सुमारे १.४३, मॉड्युलस म्हणजे ताठरतेचे माप साधारण ७.५ गिगापास्कल. त्याच्यासमोर तागाचे पॅनेल: २५ टक्के तागाचे कापड, ७५ टक्के रेझिन, घनता १.२५, मॉड्युलस ५ च्या आसपास. हाताने थर देताना याहून जास्त ताग कोंबणे अवघड जाते, कारण तागाचे कापड फुगीर असते आणि रेझिन भरपूर पिते.

दोन्ही पॅनेल वाकवल्यावर सारखीच ताठ राहिली पाहिजेत अशी अट घालू. वाकण्याविरुद्धची ताठरता जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे तागाचे पॅनेल साधारण १५ टक्के जाड केले की काम भागते. घनता कमी असल्यामुळे वजन काचेच्या पॅनेलइतकेच येते. आता ऊर्जा. रेझिनला किलोमागे ७० मेगाज्यूल धरले, तर एक किलोच्या काचेच्या पॅनेलमध्ये रेझिनचे ४९ आणि काचेचे १५, मिळून ६४ मेगाज्यूल होतात. तागाच्या पॅनेलमध्ये रेझिनचे ५२.५ आणि तागाचे २.५, म्हणजे ५५. बचत झाली १४ टक्क्यांची. पाचपटीचा दावा इथे विरून जातो. तरी १४ टक्के ही बचत खरी आहे आणि ती मिळवण्यासारखी आहे.

हाच माल पॅनेलऐवजी ओढ सहन करणाऱ्या पट्टीसाठी वापरला तर गणित उलटते. ओढीत ताठरता जाडीच्या सरळ प्रमाणात असते, म्हणून तागाची पट्टी दीडपट जाड करावी लागते. वजन १.३ पट होते आणि ऊर्जा ७२ मेगाज्यूलपर्यंत जाते. म्हणजे काचेपेक्षा १२ टक्के जास्त! तंतू तेच, रेझिन तेच. फक्त काम बदलले.

म्हणून तुलना सुरू करण्याआधी कामाचे वर्णन एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ, 'एक चौरस मीटरचे पॅनेल, मध्यभागी २० किलो ठेवल्यावर ५ मिलिमीटरपेक्षा जास्त न वाकणारे, घरात १० वर्षे टिकणारे.' आयएसओ १४०४० आणि १४०४४ या जीवनचक्र मूल्यमापनाच्या मानकांत यालाच कार्यात्मक एकक म्हणतात. हे वाक्य नसलेला अहवाल पुढे वाचण्यात वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इथेच तंतूची निवडही तपासा. सगळे नैसर्गिक तंतू एका मापाचे नसतात. फ्लॅक्स म्हणजे जवसाच्या तंतूचा मॉड्युलस ५० ते ७० गिगापास्कल असतो, काचेचा ७० च्या थोडा वर. फ्लॅक्सची घनता जेमतेम १.५ आणि काचेची २.५५, त्यामुळे वजनाच्या तुलनेत फ्लॅक्स काचेला सहज गाठतो. ताग आणि घायपात त्याच्या बरेच खाली. काथ्याचा मॉड्युलस तर ४ ते ६ च्या दरम्यान, आणि नुसत्या रेझिनचा ३ ते ३.५. काथ्या घालून पॅनेल ताठ होईल ही अपेक्षाच चुकीची आहे. आवाज शोषणाऱ्या मॅटसाठी, गादीसाठी, धक्का झेलण्यासाठी तो उत्तम. त्याच्याकडून तेच काम करून घ्यावे.

रेझिनचा हिशेब सोडून देणे

वरच्या आकड्यांत एक गोष्ट लक्षात आली असेल. दोन्ही पॅनेलमध्ये ऊर्जेचा सिंहाचा वाटा रेझिनचा आहे. काचतंतू पेट्रोलियमपासून बनतो असा अनेकांचा समज असतो, पण तो खनिजांचा आहे. तेलाच्या विहिरीतून येते ते रेझिन, आणि तागाच्या पॅनेलमध्येही तेच असते. इपॉक्सी वापरले तर किलोमागे १३० मेगाज्यूलच्या पुढे हिशेब जातो. स्वस्त आणि हिरव्या तंतूभोवती महाग आणि पर्यावरणावर जास्त भार टाकणारे रेझिन ओतले, तर तंतूने वाचवलेले सगळे रेझिन खाऊन टाकते.

कामगारांच्या बाजूनेही हे बघा. पॉलिएस्टर रेझिनमधून स्टायरिनची वाफ उडते. मॅट काचेची असो की तागाची, थर देणाऱ्याच्या नाकात जाणारी ती वाफ तीच. तागामुळे त्वचेला होणारी काचेची खाज आणि काचेची धूळ टळते, हा मोठा फायदा आहे, पण 'विषारी नसलेली प्रक्रिया' असे त्याला म्हणता येत नाही. शेडमध्ये एक्झॉस्ट फॅन आणि योग्य मास्क दोन्हीकडे लागतातच.

उपाय काय? हाताने थर देण्याऐवजी व्हॅक्युम बॅग किंवा प्रेस वापरा. दाबाखाली जादा रेझिन बाहेर निघते आणि तंतूचे प्रमाण वाढते. पॉलिप्रॉपिलीनसारख्या थर्मोप्लास्टिकबरोबर (तापवल्यावर मऊ होणाऱ्या प्लास्टिकबरोबर) तागाची मिश्र मॅट करून गरम प्रेसमध्ये दाबली, तर वजनाच्या निम्मा तंतू बसवणे अवघड नाही. १९९० च्या दशकापासून युरोपातल्या मोटारींच्या दारांची आतली पॅनेल अशाच पद्धतींनी बनत आली आहेत. काजूच्या टरफलातल्या तेलापासून मिळणारे कार्डानॉल हाही एक चांगला मार्ग आहे. कोकण आणि गोव्यातल्या काजू कारखान्यांशेजारी हा कच्चा माल पडलेला असतो. मात्र 'बायो-रेझिन' लिहिलेल्या डब्यात वनस्पतीजन्य भाग किती टक्के आहे ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. बऱ्याच वेळा उरलेला मोठा भाग नेहमीच्या इपॉक्सीचाच असतो.

'नैसर्गिक आहे, म्हणजे कुजेलच' असे धरून चालणे

या समजाला सगळ्यात चोख उत्तर पूर्व जर्मनीतल्या ट्राबांट मोटारीने दिले आहे. १९५७ ते १९९१ या काळात झ्विकाऊच्या कारखान्यातून तीस लाखांवर ट्राबांट बाहेर पडल्या. त्यांच्या बॉडीचे पत्रे ड्युरोप्लास्टचे होते: कापसाच्या गिरण्यांतला टाकाऊ तंतू आणि फिनॉलिक रेझिन, गरम प्रेसमध्ये दाबलेले. आजच्या भाषेत हे नैसर्गिक तंतूचे कंपोझिटच. जर्मनीच्या एकीकरणानंतर लोकांनी या गाड्या टाकून दिल्या, आणि मग प्रश्न उभा राहिला. हे पत्रे गंजत नाहीत, कुजत नाहीत, वितळवून पुन्हा वापरता येत नाहीत आणि जाळले तर घातक धूर होतो. आत कापूस होता, पण त्याच्याभोवती घट्ट झालेल्या रेझिनने त्याला माती आणि जिवाणूंपासून कायमचे तोडले होते.

ताग आणि पॉलिएस्टरच्या पॅनेलचे तेच होते. पीएलए हे वनस्पतीजन्य प्लास्टिक वापरले तरी बागेतल्या खड्ड्यात ते वर्षानुवर्षे पडून राहू शकते. ते नीट कुजायला औद्योगिक कंपोस्टिंगचे साठ अंशांच्या आसपासचे तापमान लागते. त्यामुळे लेबलवर 'बायोडिग्रेडेबल' छापण्याआधी थांबा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आहेत, आणि अशा दाव्यांना पुरावा द्यावा लागतो. 'यात वजनाच्या ३० टक्के ताग आहे' हे विधान साधे आहे आणि खरेही.

शेत हिशेबाबाहेर ठेवणे

काचेच्या भट्टीचा धूर मोजायचा आणि शेताचा सोडून द्यायचा, हे न्यायाचे नाही. ताग पाण्यात दोन-तीन आठवडे भिजत घालतात, तेव्हा साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपतो, मिथेन निघतो आणि ते पाणी माशांच्या उपयोगाचे राहत नाही. नत्रखतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट तापदायक आहे, आणि वाहून गेलेले खत तळ्यात शेवाळ माजवते. पाण्याच्या प्रदूषणाच्या रकान्यात नैसर्गिक तंतू बऱ्याचदा काचेच्या मागे पडतो. हा रकाना अहवालातून गाळू नका. सुधारणा होऊ शकते: बराकपूरच्या ताग संशोधन संस्थेने 'क्रायजाफ सोना' ही जिवाणूंची भुकटी तयार केली आहे. तिने भिजवण्याचा काळ आठवडाभराने कमी होतो आणि तंतूचा रंगही सुधारतो. ताग घेताना तो कसा भिजवला आहे हे विचारायला सुरुवात करा.

आपल्याकडे जळगावच्या केळीबद्दल नेहमी सांगितले जाते की खोड टाकाऊच असते, त्यामुळे त्याच्या तंतूचा पर्यावरणावर भार शून्य. यात अर्धेच तथ्य आहे. शंभर किलो ओल्या खोडातून जेमतेम एक-दीड किलो तंतू निघतो. बाकीचे पाणी आणि गर. शिवाय खोडात पालाश भरपूर असते. खोड शेतातून उचलून नेले तर ते पालाश पोत्यातून विकत आणून घालावे लागेल. तंतू काढण्याचे यंत्र बांधावर न्यायचे आणि उरलेला गर तिथेच मातीत घालायचा, हा सगळ्यात सोपा मार्ग. मग तो 'शून्य भार' बऱ्याच अंशी खरा ठरतो.

वाहतुकीचा बाऊ मात्र करू नका. बंगालातून पुण्याला ट्रकने दोन हजार किलोमीटर ताग आणला तरी किलोमागे कार्बन डायऑक्साइड साधारण २०० ग्रॅम पडतो. काचतंतू बनवतानाच किलोमागे दोन किलोच्या आसपास सुटतो. गाठी नीट दाबून बांधल्या म्हणजे झाले.

कॉस्टिकचे पाणी न मोजणे

रेझिन तंतूला घट्ट धरावे म्हणून तंतू कॉस्टिक सोड्यात बुडवतात. प्रयोगशाळेतली नेहमीची पद्धत म्हणजे ५ टक्क्यांचे द्रावण, एक किलो तंतूला २० लिटर. गुणाकार करा: एक किलो तागासाठी एक किलो सोडा. कॉस्टिक सोडा विजेच्या जोरावर बनतो आणि त्याला किलोमागे दोन युनिटपेक्षा जास्त वीज लागते. मीटरवरच हे सात मेगाज्यूलच्या पुढे गेले. कोळशाच्या वीजकेंद्रात त्यासाठी जाळलेले इंधन धरले तर ताग पिकवून काढायला लागली त्यापेक्षा जास्त ऊर्जा फक्त या आंघोळीत जाते. वर धुण्याचे पाणी, आम्ल घालून समतोल करणे, पुन्हा सुकवणे. ते पाणी तसेच गटारात सोडणे बेकायदा आहे, सामू (पीएच) ५.५ ते ९ च्या मर्यादेत आणावाच लागतो.

एक द्रावण एकदाच वापरून फेकू नका. तंतू पिळून काढा, द्रावणाची तीव्रता टायट्रेशनने (थेंबाथेंबाने आम्ल घालून) तपासा, कमी पडेल तेवढाच सोडा घाला आणि तेच द्रावण पुढच्या गाठींना वापरा. त्याही आधी ही प्रक्रिया खरोखर लागते का ते बघा. पॉलिप्रॉपिलीनबरोबर काम असेल तर मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन दोन ते पाच टक्के मिसळले तरी पकड चांगली येते आणि सांडपाणी शून्य. कोरड्या जागेतल्या, कमी भाराच्या पॅनेलला नीट सुकवलेला साधा ताग अनेकदा पुरतो.

ओलाव्याला हलके घेणे

कारखान्यातल्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा इथे सापडते. ताग हवेतूनच वजनाच्या बारा-चौदा टक्के पाणी ओढून घेतो, पावसाळ्यात त्याहून जास्त. ओला ताग वापरला की रेझिन नीट धरत नाही, आत बुडबुडे राहतात आणि पॅनेलवर पांढुरके चट्टे दिसतात. कापड ८० ते १०० अंशांवर काही तास सुकवा आणि गरम असतानाच वापरा. सकाळी सुकवून संध्याकाळी घेतलेले कापड पुन्हा ओलावलेले असते. मालाला तपकिरी छटा आली आणि जळका वास आला, तर तापमान २०० अंशांच्या वर गेले असे समजा. नैसर्गिक तंतू त्यापुढे करपू लागतो, त्यामुळे नायलॉनसारखे जास्त तापमानाचे प्लास्टिक त्याच्यासाठी नाही. सहा महिन्यांनी कडा फुगल्या आणि रंगाला फोड आले, तर दोष कापलेल्या कडेचा आहे. करवतीने तंतूंची तोंडे उघडी पडतात आणि पाणी तिथूनच आत शिरते. कापल्यानंतर कडांना रेझिनचा हात मारण्यावाचून पर्याय नाही.

याचा पर्यावरणाशी थेट संबंध आहे. वरच्या उदाहरणातली १४ टक्के बचत आठवा. सातातले एक पॅनेल रिजेक्ट झाले की ती बचत संपली. आयुष्याचेही तसेच. मिस्कँथस या गवताच्या तंतूचे पॅलेट (माल ठेवायची सपाट चौकट) आणि काचतंतूचे पॅलेट यांची तुलना करणारा एक युरोपीय अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. काचेचे पॅलेट पाच वर्षे टिकते असे धरले, तर गवताचे पॅलेट किमान तीन वर्षे टिकले तरच सरस ठरते, असे त्यात दिसले. तुमच्या मालाचे आयुष्य मोजलेले नसेल तर पर्यावरणाचा दावाही अर्धवट आहे. पाण्याच्या टाक्या, होड्या, बाथरूमची छपरे अशा कायम ओल्या जागी मी आजही काचच सुचवेन.

कार्बन दोनदा वजा करणे

एक किलो कोरड्या तंतूत साधारण दीड किलो कार्बन डायऑक्साइड बांधलेला असतो. तो सुरुवातीला वजा करायचा असेल तर खुशाल करा, पण वस्तू शेवटी जाळली की तेवढाच परत धरावा लागतो. सुरुवातीला वजा करून जाळतानाही शून्य धरला, तर तो दोनदा वजा होतो. हिशेब कारखान्याच्या दारापर्यंतच मांडला असेल तर तसे ठळक लिहा.

चालणारी आणि एका जागी उभी वस्तू एकाच मापाने मोजणे

पेट्रोलच्या मोटारीचे वजन १०० किलोने घटले आणि इंजिनही त्या प्रमाणात लहान केले, तर १०० किलोमीटरला ०.३ ते ०.४ लिटर इंधन वाचते. इंजिन तेच ठेवले तर बचत जवळपास निम्म्यावर येते. दीड लाख किलोमीटरचे आयुष्य धरले तर एका किलोमागे पाच लिटर पेट्रोल, म्हणजे बारा किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. तंतू बनवतानाचा फरक यापुढे लहान वाटतो. मोटारीत नैसर्गिक तंतूची खरी कमाई हलकेपणातून होते, आणि म्हणूनच तिथे तागाचे पॅनेल काचेइतकेच जड झाले तर वापरण्यात फारसा अर्थ उरत नाही. कार्बन फायबरही असाच बघावा. तो बनवायला किलोमागे काही शे मेगाज्यूल लागतात, तरी विमानात वाचलेल्या इंधनातून ते फिटतात. बाल्कनीच्या कठड्यात ते कधीच फिटणार नाहीत.

शेवटाचा विचार शेवटी करणे

काचतंतू जळत नाही. भट्टीत तो राख वाढवतो. रेझिन जाळून काच परत मिळवली तरी त्या उष्णतेत तिची निम्मी ताकद गेलेली असते. २०२४ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या चिचेस्टर बंदरात कालवे आणि शिंपल्यांच्या शरीरात काचतंतूचे कण सापडले. फायबरच्या बोटी जिथे घासल्या-दुरुस्त केल्या जातात, तिथून ते पाण्यात जातात. कोकणातही लाकडी होड्यांची जागा फायबरने घेतली आहे. ग्राइंडर चालवताना खाली ताडपत्री अंथरणे आणि धूळ व्हॅक्युमने ओढून घेणे याला खर्च फार येत नाही. भरतीच्या रेषेवर घासकाम मुळीच करू नये.

काचेच्या कंपोझिटला सध्या सगळ्यात बरा शेवट सिमेंटच्या भट्टीत मिळतो. रेझिन इंधन म्हणून जळते आणि काचेतली सिलिका व कॅल्शियम क्लिंकरमध्ये, म्हणजे दळण्याआधीच्या सिमेंटच्या खड्यांत, जाते. साताऱ्याचे वनकुसवडे पठार, धुळ्याचे ब्राह्मणवेल इथल्या जुन्या पवनचक्क्यांची पाती वीस-पंचवीस वर्षांच्या आयुष्याच्या टोकाला येत आहेत, आणि २०२३ च्या राष्ट्रीय धोरणानुसार जुनी यंत्रे काढून नवी बसवण्याला वेगही येईल. नवीन यंत्राचा करार करतानाच जुने पाते कापणार कोण, धूळ सांभाळणार कोण आणि कोणत्या सिमेंट कारखान्यापर्यंतचे भाडे कोणाच्या अंगावर, हे कलम लिहून घ्या. पाते एकदा माळावर टाकले की ते उचलायला नंतर कोणी पैसे काढत नाही.